अठरा देणारी गाडी

"अठरा देते साहेब, लिटरला अठरा," असं पुण्याच्या शोरूममधला तो टायवाला म्हणाला आणि गुळगुळीत कागदावरच्या आकड्यावर त्यानं बोट ठेवलं. आयुष्यात मी पहिल्या बोलीला हो म्हटलं अशा गोष्टी फार थोड्या. बैल असो, विहिरीची मोटर असो, नाहीतर मुलीच्या लग्नाचा मांडव असो, मी निम्म्यापासून सुरुवात करतो. पण तो अठराचा आकडा मी घासाघीस न करता जसाच्या तसा उचलला. त्या एका आकड्यापायी माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा माझ्या दारातून गेला, तो आजतागायत परत आला नाही.

दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट उचलण्यापासून मी सुरुवात केली होती. पुढे स्वतःचा टेम्पो केला, तो विकून प्रवासी गाडी घ्यायचं ठरवलं. ओझर आणि लेण्याद्री हे अष्टविनायकातले दोन गणपती आमच्या जुन्नर तालुक्यातच. भाविकांची वर्दळ बारमाही, शिवाय लग्नं, पुण्याचे दवाखाने, व्यापाऱ्यांच्या खरेदीच्या फेऱ्या. डिझेलची दहाजण बसतील अशी गाडी असेल तर भाडं आपणहून दारात येतं, हा माझा हिशेब होता आणि तो चुकला नाही.

शोरूमवाला गाडीच्या किमतीत काही सोडायला तयार नव्हता. दोन तास मी तिथून हललो नाही. शेवटी म्हटलं, "पैसे सोडू नका. हे टायर काढा आणि त्या कोपऱ्यातल्या मोठ्या गाडीचे टायर हिला चढवून द्या." आमच्याकडचे रस्ते तेव्हा असे, की खाली घासणारी गाडी सहा महिन्यांत खुळखुळा व्हायची. उंच गाडी पाहिजे होती. तो आधी हसला, मग आत जाऊन आला, मग हो म्हणाला. टायर चढवताना तो मीटरबद्दल काहीतरी सांगायला लागला. मी म्हटलं, "आता मागं सरू नका. बोललात ते द्या." टायर वाचवायला काहीतरी खुसपट काढतोय, असंच मला वाटलं. गाडी घेऊन मी पुण्याहून निघालो तेव्हा खेडच्या घाटात स्वतःशीच हसत होतो. पुढे दोन वर्षं ती टायरची गोष्ट मी भेटेल त्याला सांगितली.

गाडी चालवायला माणूस हवा होता. परका ड्रायव्हर म्हणजे डिझेलची चोरी, हे आमच्या धंद्यात गृहीतच धरलेलं. रबरी नळी, पाच लिटरचा कॅन आणि आडरस्त्यावरचा एखादा ढाबा, एवढ्यावर काही लोकांची घरं उभी राहिलेली मी पाहिली होती. म्हणून मी पारगावला बहिणीकडे गेलो. दाजी तिथे दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर होते. कारखान्याला ऊस वाहायचे. हात स्वच्छ, बोलणं कमी, सुपारीचंही व्यसन नाही.

आई नको म्हणत होती. "जावयाला कुणी कामाला ठेवतं का रं? उद्या दोन शब्द वर-खाली झाले तर कुणाच्या तोंडाकडं बघायचं?"

वडील नव्हते, म्हणून बहिणीच्या लग्नात वडिलांच्या जागी मीच बसलो होतो. पाटावर बसून मी ह्या माणसाचे पाय धुतले होते. तरी मी आईला म्हटलं, "घरचा माणूस आहे म्हणून तर ठेवतोय." आमच्या घरी त्यामुळे एक विचित्र रीत पडली. दुपारी दाजी जेवायला आले की पहिलं ताट त्यांचं. माझी बायको डोक्यावर पदर घेऊन वाढायची, मी 'घ्या अजून एक भाकरी' म्हणून आग्रह करायचो आणि ते हात धुऊन उठले की मी गाडीत जाऊन मीटर बघायचो.

डॅशबोर्डच्या कप्प्यात मी एक वही ठेवली होती. टाकी फुल करायची, मीटर लिहायचा, पुन्हा फुल करायची, पुन्हा मीटर लिहायचा आणि भागाकार. पहिल्या महिन्यात बारा आले. मला वाटलं, नवीन इंजिन आहे, मोकळं व्हायचंय. दुसऱ्या महिन्यात बारा. तिसऱ्यात साडेअकरा. कागदावर अठरा आणि वहीत बारा. मधले सहा किलोमीटर दर लिटरमागे कुणीतरी खात होतं. कोण, एवढंच मला शोधायचं होतं.

आधी पंपावर संशय आला. मी नोझल टाकीत जाण्याआधी शून्य बघायचो, भरताना गाडी दोन्ही हातांनी गदागदा हलवायचो, डिझेलचा फेस खाली बसला की आणखी भरायला लावायचो. मागे रांग लागायची, लोक हॉर्न वाजवायचे. एक दिवस मी पाच लिटरचं माप मागितलं. पंपावर ते ठेवावं लागतं आणि गिऱ्हाइकानं मागितलं तर मोजून दाखवावं लागतं. मॅनेजर तोंड वाकडं करून ते घेऊन आला. डिझेल बरोबर रेघेला लागलं. मी तरीही पंप बदलला. नव्या पंपावरही बाराच.

मग मिस्त्रीकडे गेलो. त्यानं एअर फिल्टर झटकला, इंजिनात डिझेल सोडणारे नोझल काढून बघितले, ब्रेक कुठे धरत नाहीत ना ते चाक हातानं फिरवून पाहिलं आणि चहा पिता पिता म्हणाला, "भाऊ, गाडीत काय दोष न्हाई. ड्रायव्हर बघा."

त्याला ठाऊक नव्हतं की ड्रायव्हर माझा दाजी आहे. पण शब्द कानात पडला तो पडला. त्या दिवसापासून दाजींच्या प्रत्येक गोष्टीला मला वास यायला लागला. पारगावात त्यांनी घराला पत्रे नवीन टाकले. मनात आलं, कशातून? पुण्याहून यायला अर्धा तास उशीर झाला; कुठे थांबले? विचारलं तर म्हणायचे, "उसाच्या गाड्या व्हत्या रस्त्याला." हंगामात कळंबपासून पारगावपर्यंत उसाच्या ट्रॉल्यांची रांग असते, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण संशय घेणाऱ्याला खरं कारण दिलं, तरी तो म्हणतो, कारण किती तयार ठेवलंय बघा.

मी टाकीच्या झाकणाला कुलूप लावलं आणि किल्ली माझ्या करदोट्याला बांधली.  त्यानंतर पंपावर जायचं असलं की दाजी दारात येऊन उभे राहायचे, "दादा, टाकी भरायचीय," एवढंच. कुलूप लावून दोन महिने झाले, अ‍ॅव्हरेज बाराच. इथे शहाण्या माणसाचा संशय फिटला असता. माझा वाढला. कुलूप असूनही डिझेल जातंय, म्हणजे खालून जातंय. टाकीच्या तळाला गाळ काढायचा एक बोल्ट असतो. मी बायकोची लाल नेलपॉलिशची बाटली घेतली, गाडीखाली आडवा झालो आणि बोल्ट आणि टाकीच्या सांध्यावर जाड थर लावला. बोल्ट फिरला की रंग तडकणार. ह्या युक्तीवर मी इतका खूश होतो की बायकोनं "माझी बाटली कुठंय?" विचारलं तेव्हाही तिला सांगितलं नाही.

तीन आठवड्यांनी रंग तडकलेला दिसला.

त्या दिवशी संकष्टी होती आणि दाजी पुण्याचं एक कुटुंब घेऊन ओझरला गेले होते. सकाळी गाडी निघण्याआधी मी खाली वाकून बघितलं होतं, गाडी निघून गेली आणि मग माझं डोकं तापत गेलं. तासाभरानं मोटरसायकल काढली आणि ओझर गाठलं. देवळाच्या अलीकडे गाड्या लावायची जागा आहे. तिथे आठ-दहा ड्रायव्हर बसलेले, कुणी टॉवेल तोंडावर टाकून पडलेला, कुणी भेळ खातोय. प्रवासी देवळात गेले होते. दाजी बोनेट उघडून पाणी बघत होते.

"दाजी, बोल्ट कुणी उघडला?"

"कुठला बोल्ट?"

"टाकीचा. खालचा."

"मी कशाला उघडू?"

"मग काय गणपतीनं उघडला?"

तोंडावर टॉवेल घेतलेला उठून बसला. मला थांबता आलं नाही. मी म्हणालो, कागदावर अठरा आहेत, दोन वर्षं तुम्ही मला बारा दाखवताय, सहा किलोमीटर कुठे जातात ते सांगा. मी म्हणालो, पारगावातले पत्रे कशाचे आहेत ते सांगा. आणखी काय काय म्हणालो ते लिहीत नाही. ड्रायव्हरांपैकी एकजण मध्ये पडला, "अहो भाऊ, पावणं हायेत ना ते तुमचं? हितं नका बोलू." त्याच्यावरही मी ओरडलो.

दाजींनी बोनेट हळूच खाली घेतलं. आपटलं नाही. खिशातून गाडीची किल्ली काढून बोनेटवर ठेवली. "पुण्याची माणसं दीड वाजता यायचीत. म्हातारी बाई हाय, तिला पुढं बसवा," एवढं बोलून ते एसटीच्या थांब्याकडे चालायला लागले. पुण्याच्या माणसांना मीच घेऊन गेलो. म्हातारीला पुढे बसवलं.

त्या वर्षी राखीला बहीण आली नाही. मी म्हटलं, पाऊस आहे. भाऊबीजेलाही आली नाही. आईनं माझ्याशी बोलणं टाकलं. ताट वाढायची आणि समोर बसून भिंतीकडे बघायची. मी मात्र मनात घट्ट होतो. चोरी पकडली म्हणून चोराला राग, असंच मी स्वतःला सांगत होतो. गाडी मी स्वतः चालवायला लागलो होतो. अ‍ॅव्हरेज? ते लिहायला मला वेळ मिळत नव्हता, असं मी बायकोला सांगायचो. खरं म्हणजे वही उघडायची मला भीती वाटत होती.

बाजारपेठेत कापडाचे एक व्यापारी होते. जैन, मूळ घराणं राजस्थानातलं, पण तीन पिढ्या नारायणगावात. आमच्यापेक्षा चांगलं मराठी बोलायचे. महिन्यातून दोनदा ते पुण्याला खरेदीला जायचे आणि नेहमी माझीच गाडी सांगायचे. भाडं किलोमीटरवर असायचं, निघताना आणि आल्यावर मीटर बघून. माझ्या वागण्यामुळे येतात, अशी माझी समजूत. दाजी गेल्यानंतरच्या एका फेरीत चाकणच्या पुढे ते म्हणाले, "तुमचे दाजी दिसत नाहीत हल्ली? फार शांत चालवायचे."

मी त्यांना सगळं सांगितलं. बारा, अठरा, कुलूप, नेलपॉलिश. ते ऐकत राहिले. मग बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसले. मला वाटलं, ऐकून कंटाळले. मोशीजवळ ते म्हणाले, "गाडी बाजूला घ्या जरा."

मी घेतली.

"भाऊ, ही गोष्ट मी तुम्हाला सांगणार नव्हतो. सांगण्यात माझा तोटा आहे. पण माणसावर चोरीचा आळ आलाय म्हणता, म्हणून सांगतो. माझ्या दुकानापासून पुण्यातल्या पेठेपर्यंत जाऊन येऊन बाकीच्या गाड्यांत दीडशेच्या वर किलोमीटर पडतात. तुमच्या गाडीत एकशे चाळीस. दर वेळी एकशे चाळीस."

"म्हणजे?"

"म्हणजे तुमच्या गाडीनं पुणं जवळ येतं. मी म्हटलं, येऊ द्या." ते हसले नाहीत. "तुमचा मीटर कमी पळतो, भाऊ. चाकं मोठी आहेत ना? चाक मोठं, तर एका फेऱ्यात गाडी जास्त जाते. पण मीटर चाकाचे फेरेच मोजतो. त्याला काय माहीत तुम्ही टायर बदलले."

दुसऱ्या दिवशी मी एकटाच हायवेला गेलो. पुणे-नाशिक रस्त्याला किलोमीटरचे पांढरे-पिवळे दगड होते. नारायणगावच्या पुढच्या दगडाशी थांबून मीटर लिहिला आणि एकेक दगड मोजत खेडच्या दिशेनं निघालो. पंचविसावा दगड आला तेव्हा मीटरवर तेवीस झाले होते. मी गाडी वळवली आणि परतीचे पंचवीस मोजले. पुन्हा तेवीस. शंभराला आठ कमी. शोरूमवाला टायर चढवताना मीटरबद्दल जे सांगत होता ते हेच, आणि मी त्याला बोलू दिलं नव्हतं. दोन वर्षं सगळ्या गिऱ्हाइकांना मी शंभरातले आठ किलोमीटर फुकट फिरवून आणलं होतं, ते वेगळंच. आणि तो तडकलेला रंग? उंच गाडी म्हणून मी तिला येडगावच्या धरणाकडच्या खडीच्या वाटेनंही पाठवायचो. खाली वाकून नीट बघितलं तर टाकीच्या तळाला दगड लागल्याचे दहा-बारा ओरखडे होते. आधीही असतील. मी फक्त बोल्ट बघत होतो.

माझ्या जागी दुसरा असता तर तिथूनच पारगावला गेला असता. मी घरी आलो आणि आकडेमोड केली. मीटरवर बारा म्हणजे खरे तेरा. ठीक. टायरनं एक किलोमीटर खाल्ला. पण कागदावर अठरा होते. अठरातून तेरा गेले, पाच उरले. हे पाच कुणी खाल्ले?

ह्या पाचांचं ओझं मनात घेऊनच मी चार दिवसांनी पारगावला गेलो.

बहिणीनं पाणी दिलं, पण ओसरीवरच. दाजी खाटेवर बसून होते, उसाच्या ट्रॅक्टरवर पुन्हा लागले होते. मी टायरचं सगळं सांगितलं. दगडांचं सांगितलं. म्हणालो, "माझी चूक झाली, दाजी. मीटर चुकीचा होता."

दाजी काही बोलायच्या आत बहीण बोलली. "दादा, हे तू मला आणि ह्यांना काय सांगतोस? ह्यांनी चोरी केली न्हाई हे आम्हाला पहिल्यापासून ठाऊक हाय. तू ओझरला बोललास, दहा माणसांत. मागच्या महिन्यात हे मंचरला एकाकडं गाडीवर काम मागायला गेले तर तो म्हणतो, 'तुमीच ना ते डिझेलवाले?' आता जिथं बोललास तिथं जाऊन सांग."

मी दाजींकडे बघितलं. ते म्हणाले, "जमत असंल तर."

"चला. आत्ता चला," मी म्हटलं. मला ती गोष्ट लवकर उरकायची होती.

बहीण दारात उभी राहून दाजींना म्हणाली, "आणि वही घरी ठेवून जा म्हणावं." पण वही गाडीतच होती. मंचरच्या पंपावर मी टाकी फुल केली, गाडी हलवून, फेस बसवून. दाजी शेजारी बसून बघत होते. मीटर लिहिताना मला लाज वाटली, तरी लिहिला.

ओझरला पोचलो तेव्हा दुपार होती. गाड्या लावायच्या जागेत त्या दिवशीच्यांतले चार-पाच ड्रायव्हर होते. मला पाहून ते गप्प झाले. मी गाडीतून उतरलो आणि उभ्यानंच सांगितलं, की त्या दिवशी मी दाजींना बोललो ते चुकीचं होतं, मोठ्या टायरमुळे मीटर कमी पळत होता, दगड मोजून बघितलेत, पंचविसाला तेवीस.

 मग टॉवेलवाला म्हणाला, "म्हंजी भाऊ, दोन वर्षं तुमी पब्लिकला सवलतीत फिरवलं म्हना की!"

सगळे हसले. एकजण म्हणाला, "तरीच पुन्याचे लोक ह्यांचीच गाडी मागत्यात. आमी म्हनायचो, ह्यांचं तोंड गोड हाय काय!"

पुन्हा हसले. दाजीही जरासे हसले, मी पाहिलं. आणि माझी कानशिलं तापली. मला कुणी हसलेलं कधीच सहन झालेलं नाही. मी म्हणालो, "हसू नका. टायरचा हिशेब एकाच किलोमीटरचा आहे. तेवढी माझी चूक, ती मी मान्य केली. बाकीच्या पाचांचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही."

हसणं थांबलं. टॉवेलवाल्यानं दाजींकडे बघितलं आणि नजर खाली घेतली. दाजी गाडीत जाऊन बसले, ड्रायव्हरच्या शेजारच्या जागेवर.

जेवढं सिद्ध झालं तेवढंच मी दिलं. आयुष्यभर मी तसंच देत आलो होतो. माफीसुद्धा मी एक किलोमीटरचीच मागितली.

परतताना नारायणगाव लागलं. बाजाराचा दिवस होता, टोमॅटोचे ट्रॅक्टर रस्त्यात आडवे. मी पहिल्या गिअरवर गुरगुरत पुढे सरकत होतो, हॉर्न देत होतो, जागा दिसली की गाडी दामटत होतो आणि पुन्हा ब्रेक मारत होतो. कळंबजवळ एका टेम्पोच्या पुढे निघायला मी पाय दाबला तेव्हा ते म्हणाले, "दादा, हे असं डिझेल जातंय बघा."

"कसं?"

"तुमी आत्ता पाय दाबला, टेम्पो मागं टाकला आन् लगेच पुढं ब्रेक लावला. जे जाळलं ते ब्रेकात गेलं. मी त्याच्या मागंच राहिलो असतो." मग थोडं थांबून म्हणाले, "तो कागदवाला अठराचा आकडा कुठं मोजलाय? रिकाम्या रस्त्याला, रिकाम्या गाडीत. तुमच्या गाडीत दहाच्या जागी चौदा बसवायचो मी, तुमच्याच सांगण्यावरून. वर टपावर बोजा. खेडचा घाट, चाकणची गर्दी, ओझरला म्हाताऱ्या मानसांसाठी एसी चालू ठेवून उभी गाडी. मला बारा कशे पडायचे ह्याचंच आश्चर्य वाटायचं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमी इचारलं व्हतं का? तुमी कुलूप लावलं."

मंचरला त्याच पंपावर, त्याच नोझलनं मी टाकी पुन्हा फुल केली. मीटरवर पंचावन्न झाले होते, म्हणजे खरे साठ. डिझेल गेलं पाच लिटर. भागाकाराला कागद लागला नाही. बारा. गाडीत दोनच माणसं, टपावर बोजा नाही, टाकीला कुलूप आणि चालवणारा मी. मीटरची चूक काढूनही बारा. दाजी चौदा माणसं घेऊन घाटातून तेरा काढत होते.

उरलेल्या पाचांचं उत्तर मिळालं होतं. ते मी ओझरला द्यायला हवं होतं आणि ओझर मागे राहिलं होतं. मी म्हटलं, "दाजी, परत जाऊ. आत्ता फिरतो."

"आता ते लोक भाड्याला गेले असतील," दाजी म्हणाले. "आन् रोज रोज तीच जत्रा नको, दादा." दार उघडून ते खाली उतरले. समोरच्या थांब्यावर पारगावला जाणारी एसटी उभी होती. मी सोडतो म्हटलं तर हात हलवून नको म्हणाले. गाडीवर परत येता का, हे मी त्यांना एसटीच्या खिडकीखाली उभा राहून विचारलं. ते म्हणाले, "ट्रॅक्टरवर बरं चाललंय. तिथं टाकी कोण भरतं मला ठाऊक न्हाई आन् करूनबी घ्यायचं न्हाई."

पुढच्या संकष्टीला मी ओझरला गेलो, एकटाच. जे हसले होते त्यांच्यातला एकच भेटला, टॉवेलवाला. त्याला मी पाचांचं सांगितलं, माझे बारा आणि दाजींचे तेरा सांगितले. तो चांगला माणूस. "सांगतो भाऊ सगळ्यांना," म्हणाला. सांगितलं का नाही, कुणास ठाऊक. नवीन पोरं गाड्यांवर येत होती, त्यांना ह्या गोष्टीचं काय! पण 'डिझेलवाले' हा शब्द त्यानंतरही दोन वेळा माझ्या कानावर आला, एकदा कळंबला आणि एकदा मंचरच्या बाजारात. शब्द मी एका दमात दहाजणांत टाकला होता आणि एकेकाला गाठून परत घेत होतो. तो सगळा कधी परत येणार नव्हता.

शोरूमच्या माणसाला मी माफ केलेलं नाही. तो खोटं बोलला असं मी म्हणत नाही. त्याच्या कागदावर बारीक अक्षरात काहीतरी लिहिलं होतं, ते मी नंतर भिंग घेऊन वाचलं. ठराविक परिस्थितीत, असं होतं. ती परिस्थिती जुन्नर-आंबेगावात कुठे आहे ते मला अजून सापडलेलं नाही. आता कुणी गाडी घेताना मला विचारलं, की मी सांगतो, आकडा कागदाचा घेऊ नका, जो रोज चालवतो त्याला विचारा आणि तो सांगेल ते खरं माना. लोक मान हलवतात आणि कागदच बघतात.

टायर मी बदलले. मूळ मापाचे घातले. कापडाचे व्यापारी तरीही माझ्याच गाडीनं जात राहिले, दीडशेच्या वर किलोमीटर मोजून. त्यावर आम्ही दोघं कधी बोललो नाही.

बहीण पुढच्या वर्षी भाऊबीजेला आली. एसटीनं आली. आईनं तिला दारात धरून रडून घेतलं. तिनं मला ओवाळलं, जेवली, बायकोशी हसली-बोलली. दाजींचं विचारलं तर म्हणाली, "बरे हायेत. हंगाम चालू हाय ना." तिसऱ्या प्रहरी निघाली तेव्हा मी गाडीची किल्ली घेतली. "चल, पारगावपर्यंत सोडतो."

"नको दादा," ती म्हणाली. "तुझं अ‍ॅव्हरेज पडंल."

मला राग आला. ती ते हसत म्हणाली की तशीच, हे मला कळलं नाही, म्हणून जास्त आला. दुसऱ्या कुणाला मी सोडलं नसतं. पण मी किल्ली खिळ्याला लावली आणि तिची पिशवी उचलली. आईनं भरून दिलेल्या करंज्या, चिवडा, परसातला एक भोपळा. पिशवी जड होती. स्टँडपर्यंत पाऊण तास चालायचं होतं. ती माझ्यापेक्षा दोन पावलं पुढे चालत होती. वेशीपाशी आल्यावर तिनं मागे वळून पिशवीचा एक बंद आपल्या हातात घेतला आणि तिथून पुढे आम्ही ती दोघांत धरून नेली.

गेली कित्येक वर्षं ती तशीच येते आणि मी तिला तसाच पोचवतो. दाजी अजून आलेले नाहीत. दर भाऊबीजेला आमच्या घरी त्यांचं ताट वाढतात का, असं कुणी विचारलं नाही, म्हणून मीही सांगितलेलं नाही. वाढतात.